तिसरा कोच, तोच हात: कॉलेज क्वार्टरबॅकच्या पासिंगवरच्या कामाच्या नोंदी

खेळ अमेरिकन फुटबॉल, पातळी कॉलेजची. खेळाडू क्वार्टरबॅक (क्यूबी), म्हणजे आक्रमणात पास फेकणारा; उजव्या हाताचा, दोन मोसम खेळलेला. येत्या मोसमात त्याला तिसरा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची आखणी करणारा तिसरा कोच मिळतो आहे. प्रकल्पाचं काम इतकंच, की या बदलात त्याचा पास बिघडू नये आणि जमेल तितका सुधारावा. अंतरं यार्डांत आहेत. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, तेवढी डोळ्यासमोर ठेवली की पुरे.

१३ जानेवारी

नवे कोऑर्डिनेटर रुजू झाले. प्लेबुक, म्हणजे ठरवलेल्या चालींचं (प्लेंचं) पुस्तक, अजून हातात आलेलं नाही. ते येण्याआधी एका कागदावर दोन रकाने केले: काय बदलणार आणि काय नाही.

बदलणार: प्लेची नावं, ड्रॉपची (फेकण्याआधी मागे हटण्याची) पावलं, बचावफळीच्या नावांच्या खुणा, कोणाकडे आधी बघायचं तो क्रम, स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधी क्यूबीला प्ले बदलायची मुभा किती.

बदलणार नाही: मैदानाची १६० फूट रुंदी. चेंडूचं १४ ते १५ औंस वजन आणि त्यातला १२.५ ते १३.५ पौंडांचा दाब. १२ यार्ड पळून वळायला रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) लागणारा वेळ. झोन बचावात (प्रत्येक जण एकेक जागा राखतो तो बचाव) दोन खेळाडूंच्या मधे राहणारी जागा. आणि फेकणाऱ्याचे पाय, कंबर, खांदा, हात हा क्रम.

कोच बदलला की मुलाला वाटतं, सगळंच नव्याने शिकायचं आहे. हा समज पहिल्याच आठवड्यात काढून टाकायला हवा, नाहीतर तो जे येतं तेही विसरायला लागतो.

१६ जानेवारी

मागच्या दोन मोसमांतले चुकलेले पास वेगळे काढायला घेतले. ‘पास चुकला’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. पाच खोकी केली:

पाय – दिसलं बरोबर, ठरवलं बरोबर, चेंडू गेला भलतीकडे.
डोळे – मोकळा रिसीव्हर होता, नजर तिकडे गेलीच नाही.
वेळ – नजर गेली, पण चेंडू एक पाऊल उशिरा सुटला.
निर्णय – झाकलेल्या माणसाकडे मुद्दाम फेकला.
बाकीचे – लाइन (क्यूबीला वाचवणारी पुढची फळी) कोसळली, रिसीव्हर चुकीचा पळाला, चेंडू हातातून निसटला.

प्रत्येक क्लिप दोन ठिकाणी थांबवायची. पहिलं ठिकाण, पुढचा पाय जमिनीला टेकतो तो क्षण. तेव्हा चेंडू कुठे आहे? तो खांद्याच्या वर, कोपर खांद्याच्या रेषेत हवं. पाय टेकला तरी चेंडू कमरेपाशीच असेल तर हात मागे राहिला आणि पास वर जाणार. दुसरं ठिकाण, डावा हात चेंडूवरून सुटतो तो क्षण. तेव्हा हेल्मेटची जाळी कुठे वळलेली आहे? यावरून ‘डोळे’ आणि ‘वेळ’ ही खोकी वेगळी करता येतात.

एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) मागच्या कॅमेऱ्याचं चित्रण याला लागतंच. बाजूच्या उंच कॅमेऱ्यातून पायाची दिशा दिसत नाही. सरावात फोन सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवायचा, एक फेकणाऱ्याच्या थेट मागे आणि एक त्याच्या उजव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर.

२१ जानेवारी

खोकी भरली. सगळ्यांत जड निघालं ‘पाय’, त्याखालोखाल ‘वेळ’. हाताबद्दल दोन वर्षं सगळेच बोलत आले, पण दोष हातात कमी आहे.

गोफण फिरवणारा दगडाला जोर मनगटातून देत नाही. जोर जमिनीतून येतो, दोरी तो फक्त पोचवते. पासचंही तेच. मागच्या पायाने जमीन ढकलायची, कंबर आधी वळते, खांदे तिच्या मागून, कोपर त्याच्या मागून, सगळ्यांत शेवटी मनगट आणि बोटं. एक कडी घाईत आली की पुढच्या सगळ्या कड्यांना ती उणीव भरून काढावी लागते.

याच्या फेकीत सापडलेले दोष, कारणांसकट:

पुढचं पाऊल फार लांब पडतं. वजन मागेच अडकतं, धड मागे झुकलेलं राहतं, चेंडू लवकर सुटतो आणि रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय फार लांब पडला की चेंडूची दिशा कशी बिघडते, ते क्रिकेट पाहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

डावीकडे फेकताना पुढचा पाय लक्ष्याच्या उजवीकडे पडतो. कंबरेला वळायला जागा उरत नाही, मग हात अंगावरून आडवा ओढला जातो. पास रिसीव्हरच्या मागे पडतो.

फेकण्याआधी चेंडूला डाव्या हाताने थाप मारायची सवय आहे. दिसायला बारीक, पण सेफ्टीला, म्हणजे बचावातल्या सगळ्यांत मागच्या खेळाडूला, ती थाप म्हणजे आगाऊ निरोप. शिवाय त्यात वेळ जातो.

पकड चांगली आहे, तिला हात लावायचा नाही. अनामिका आणि करंगळी शिवणीच्या दोऱ्यांवर, तर्जनी टोकाकडे, तळवा आणि चेंडू यांच्यामध्ये थोडी फट.

२८ जानेवारी

ठरलं: एप्रिलपर्यंत फक्त पुढचं पाऊल. कोपराची उंची, हाताचा कोन यांतलं काहीही या काळात बदलायचं नाही. नवी भाषा शिकत असताना डोकं भरलेलं असतं. त्याच वेळी हाताचा मार्गही बदलला तर दडपणात तो ना जुन्या पद्धतीने फेकतो ना नव्या. क्वार्टरबॅक कोचना कोपर थोडं वर हवं आहे. त्यांना क्लिप दाखवल्या. पाऊल आखूड झालं की कोपर आपोआप वेळेत वर येतं. मेपर्यंत थांबू, म्हणाले.

सराव असा:

जमिनीवर खडूने रेघ. मागचा पाय रेघेवर, पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, वजन मागच्या पायाच्या आतल्या कडेवर. पुढच्या पायासमोर एका बुटाच्या अंतरावर गुंडाळलेला टॉवेल. पाऊल टॉवेलला लागलं तर ती फेक मोजायची नाही. १० यार्डांवर १५ फेकी, १५ यार्डांवर १५.

मग तेच तीन दिशांना: सरळ, ४५ अंश डावीकडे, ४५ अंश उजवीकडे, प्रत्येकी ८. डावीकडच्या फेकीला आधी मागचा पाय वळवून घ्यायचा. तो वळला की पुढचा पाय बरोबर जागी पडतो. पुढच्या पायाला वळवत बसलं तर घाईच्या वेळी तो विसरतोच.

गुडघ्यावर बसून फेकायचा सराव बरेच कोच खूप करून घेतात. इथे तो फक्त हात गरम करायला, १० फेकी. त्यात कंबर बाद होते, आणि याचा प्रश्न कंबरेखालचा आहे.

पूर्ण ताकदीच्या फेकी आठवड्यात तीन दिवस, दिवसाला ५० ते ६०. मधे एक दिवस सुट्टी. मोसमाबाहेर कोचच्या देखरेखीखालचं काम आठवड्याला ८ तासांपुरतंच, त्यात व्यायामही आला. म्हणून टॉवेलचा सराव मुलाला एकट्याला करता येईल असाच बसवला.

६ फेब्रुवारी

प्लेबुक आलं. आज दिवसभर ‘शब्दकोश वही’. एका पानावर एकच कल्पना: वर आकृती, खाली तीन ओळी. पहिल्या कोचचं नाव, दुसऱ्याचं, आताचं.

पहिल्यांची पद्धत एअर रेडमधली. हॅल ममी आणि माइक लीच या कोचनी रुजवलेली: प्ले थोडे, हाका आखूड, तेच तेच शेकडो वेळा. दुसऱ्यांची आकड्यांची, डॉन कॉरिएल यांच्या वळणाची. हाकेत आकडे येतात आणि एकेक आकडा एकेका रिसीव्हरची वाट सांगतो. नेहमीच्या मांडणीत सम आकडे आत वळतात, विषम बाहेर: २ स्लँट, ४ कर्ल, ६ डिग, ८ पोस्ट, १ फ्लॅट, ३ कमबॅक, ५ आउट, ७ कॉर्नर, ९ सरळ. आताच्यांची वेस्ट कोस्ट, बिल वॉल्श यांच्या घराण्यातली. एका हाकेत रचना, हालचाल, संरक्षण, प्ले आणि सूचना सगळं येतं. वाक्य लांबलचक, पण त्यात प्रत्येकाला आपलं काम ऐकू येतं.

उदाहरणाला स्टिक हा प्ले. बाहेरचा रिसीव्हर सरळ पळतो, आतला ६ यार्डांवर थांबून वळतो, तिसरा फ्लॅटमध्ये, म्हणजे जवळच्या अंतरावरच्या कडेच्या जागेत, बाजूरेषेकडे. बघायचं एकाच माणसाकडे, फ्लॅट राखणाऱ्या बचावपटूकडे. तो बाहेर धावला तर स्टिक, आत थांबला तर फ्लॅट. नावं तीन आहेत, पण तिन्ही प्लेबुकांत बघायचा माणूस तोच आणि चेंडू सुटायची वेळही तीच. मुलाने पहिल्या दिवशी ते तीन वेगळे प्ले म्हणून पाठ केले होते. वहीत एका पानावर आले तेव्हा पाठांतर एक तृतीयांश झालं.

नवे शब्द फारसा घोळ करत नाहीत. घोळ होतो तो जुनाच शब्द नव्या अर्थाने आला की. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीत दंड, तशी गत. आताच्या प्लेबुकात असे शब्द निघाले, त्यांतला एक तर संरक्षणाचा. जुन्या अर्थाने वळला तर लाइन एकीकडे, रनिंग बॅक (क्यूबीजवळ उभा राहणारा, चेंडू घेऊन धावणारा) दुसरीकडे, आणि आंधळ्या बाजूने येणारा माणूस थेट अंगावर. अशा शब्दांना लाल कोपरा. रोज सुरुवात लाल पानांनीच.

१२ फेब्रुवारी

तुलनेसाठी क्वार्टरबॅक जेसन कॅम्पबेल यांची ऑबर्न विद्यापीठातली चार वर्षं, २००१ ते २००४. मुख्य कोच टॉमी टबरव्हिल कायम, पण आक्रमणाची सूत्रं दर वर्षी नव्या हातात: नोएल मझोन, मग बॉबी पेट्रिनो, २००३ मध्ये ह्यू नॉल आणि स्टीव्ह एन्समिंजर, २००४ मध्ये अल बोर्जेस. बोर्जेस यांनी वेस्ट कोस्ट पद्धत आणली.

२००३: २९३ फेकींत १८१ पूर्ण, २२६७ यार्ड, १० टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये पोचणं), ८ इंटरसेप्शन (पास बचावाने झेलणं).
२००४: २७० फेकींत १८८ पूर्ण, २७०० यार्ड, २० टचडाउन, ७ इंटरसेप्शन.

कॉलेजचं पासर रेटिंग काढायची रीत: यार्ड गुणिले ८.४, अधिक टचडाउन गुणिले ३३०, अधिक पूर्ण पास गुणिले १००, वजा इंटरसेप्शन गुणिले २००. याला एकूण फेकींनी भागायचं. २००३ चं १३२.६ येतं, २००४ चं १७२.९. फेकी २३ ने कमी, यार्ड ४३३ ने जास्त. दर फेकीमागे बरोबर १० यार्ड. संघ १३ पैकी १३ सामने जिंकला.

यावरून ‘कोच बदलला की क्यूबी सुधारतो’ असं म्हणता येत नाही. मागे रॉनी ब्राउन आणि कार्नेल विल्यम्स होते, दोघेही २००५ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) पहिल्या पाचांत गेले. असे धावणारे असले की लाइनबॅकर (बचावाची मधली फळी) पुढे सरकतात आणि त्यांच्या पाठीमागे जागा पडते. आपल्या कामाला यातून घ्यायचं ते दुसरंच: चौथी भाषा कानावर आली तोवर त्यांनी बचावाची तीच चित्रं तीन भाषांत पाहिलेली होती. तेवढ्यापुरती आपली वही आणि त्यांची चार वर्षं एका जातीची.

१८ मार्च

वसंतातले सराव सुरू. एकूण १५ मिळतात, त्यातला आज दुसरा.

अडचण अपेक्षित होती तिथेच आली. शॉटगनमध्ये (क्यूबी काही यार्ड मागे उभा राहून चेंडू घेतो ती मांडणी) पहिले दोन्ही कोच पाय समांतर ठेवायला सांगत. आताच्यांना डावा पाय पुढे हवा. उजवा आधीच मागे असल्यामुळे ड्रॉपमधलं एक पाऊल वाचतं. म्हणजे हा आता एक पाऊल लवकर तयार होतो आणि रिसीव्हर अजून वळलेलाच नसतो. मग हा जागेवर पाय नाचवतो, टाचा उचलल्या जातात, गुडघे सरळ होतात, आणि चेंडू सोडायची वेळ आली की तोल सावरायला पुढचं पाऊल पुन्हा लांब पडतं. जानेवारीत काढलेला दोष मागच्या दाराने परत आला.

उपाय रिसीव्हरच्या बाजूने नाही, पायांच्या बाजूने. झटपट प्लेला डावा पाय पुढे ठीक. मधल्या अंतराच्या प्लेला ड्रॉपचं पहिलं पाऊल लांब आणि संथ, शेवटची दोन आखूड. नव्या कोऑर्डिनेटरनी ते लगेच मान्य केलं. त्यांना हवी होती ती झटपट प्लेची वेळ, उभं राहायची ढब नव्हे. कोचला ‘हे असं का’ विचारावं. सांगितलेल्या गोष्टीमागचं कारण कळलं की निम्मे वाद उरत नाहीत.

२१ मार्च

पाय आणि डोळे बांधायचं काम. नियम: ड्रॉपचं शेवटचं पाऊल टेकलं की पहिल्या रिसीव्हरचा निकाल. तिथे नसेल तर एक छोटी उडी पुढे, म्हणजे हिच, आणि त्या हिचबरोबर नजर दुसऱ्यावर. दुसरी हिच, तिसरा. त्यानंतर रनिंग बॅक किंवा पळ.

सराव चेंडूशिवाय सुरू केला. समोर तीन जण वेगवेगळ्या ठिकाणी उभे, एकच जण हात वर करणार, तोही हिच टेकताना. १२ फेऱ्या कोऱ्या हातांनी, १२ फेऱ्या फेकून. चूक दिसते ती अशी: नजर तिसऱ्यावर पोचते, पाय अजून पहिल्याकडेच. त्या स्थितीतून फेकलेला प्रत्येक पास फक्त हाताचा.

२५ मार्च

बाजूरेषेकडचा १२ यार्डांचा आउट (सरळ पळून बाहेर वळायची वाट). आज पूर्ण सराव याच्यावर, कारण नव्या पद्धतीत फ्लडमध्ये (एकाच बाजूला तीन रिसीव्हर वेगवेगळ्या अंतरांवर पाठवणारा प्ले) तो वारंवार येतो.

कॉलेजच्या मैदानावर दोन हॅशमध्ये (चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवतात त्या खुणांच्या रांगांमध्ये) ४० फूट अंतर असतं, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये १८ फूट ६ इंच. टीव्हीवर व्यावसायिक सामने बघून मोठ्या झालेल्या मुलांच्या हे लक्षात येत नाही. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर डावी बाजूरेषा ६० फुटांवर आणि उजवी १०० फुटांवर.

हिशेब मांडला. प्ले जिथून सुरू होतो त्या रेषेच्या ७ यार्ड मागे क्यूबी, म्हणून सरळ अंतर १९ यार्ड. रिसीव्हर बाजूरेषेच्या ४ यार्ड आत चेंडू घेणार. जवळच्या बाजूला आडवं अंतर १६ यार्ड, फेक सुमारे २५ यार्डांची. लांबच्या बाजूला आडवं अंतर २९, फेक सुमारे ३५ यार्डांची. प्लेबुकात दोन्हीकडे लिहिलंय ‘१२ यार्ड’. फरक १० यार्डांचा.

ताशी ५० मैलांनी गेलेला चेंडू सेकंदाला २४ यार्ड कापतो, म्हणजे हे १० यार्ड ०.४ सेकंदाचे. तेवढ्यात कॉर्नरबॅक (बाहेरच्या रिसीव्हरला राखणारा) ३ यार्ड पळतो. लांबच्या बाजूचा उशिरा सुटलेला आउट इंटरसेप्ट होऊन थेट टचडाउन होतो तो या ३ यार्डांमुळे. त्याला ‘हात कमी पडला’ म्हणतात. हात तेवढाच होता, अंतर वाढलं होतं.

यावरून ठरलेलं:

लांबच्या बाजूचा आउट, कॉर्नरबॅक किमान ७ यार्ड मागे उभा असेल तरच. रिसीव्हरने वळायला पाय रोवला की त्याच क्षणी चेंडू सुटलेला हवा, वळल्यावर नाही.

क्यूबी त्या बाजूला ८ यार्ड सरकला, तर फेक ३५ वरून २८ यार्डांवर येते. म्हणून लांबच्या बाजूचा फ्लड पळत्या ड्रॉपनेच घ्यावा असं सुचवलं. प्लेबुकात तसा पर्याय आहेच; बघायचा क्रम तोच, पाय फक्त वेगळे.

यापुढे कोणताही आउट किंवा कमबॅक तीन जागांवरून: डावा हॅश, मधोमध, उजवा हॅश, प्रत्येकी ६. आतापर्यंत बहुतेक सराव मैदानाच्या मध्यावरून होत आला. तिथून सगळंच जमतं.

१७ एप्रिल

वसंत संपला. टॉवेल न ठेवता काढलेल्या चित्रणात सरळ आणि उजवीकडच्या फेकींत पाऊल आखूड राहतंय. डावीकडे, दबाव आला की, ते अजून लक्ष्याच्या उजवीकडे पडतंय. थाप गेली आहे. कोपर न सांगता वर आलं. क्वार्टरबॅक कोचनी ते स्वतःहून दाखवलं.

११ जून

उन्हाळा. खेळाडू आपापले जमतात, कोच मैदानावर नाहीत. अशा वेळी हमखास काय होतं, तर सगळे लांब लांब चेंडू फेकत बसतात. म्हणून कागद दिला: प्रत्येक रिसीव्हरबरोबर रोज ४ आउट, ४ डिग, ४ स्टिक, २ सरळ. फेकण्याआधी क्यूबीने प्लेची पूर्ण हाक मोठ्याने द्यायची, रिसीव्हरने आपला भाग परत बोलायचा. लांब वाक्याची जीभ बसायला दुसरा मार्ग नाही.

ओल्या चेंडूचा एक दिवस. बादलीत बुडवून काढायचा, कोरडा टॉवेल कमरेला. ओला चेंडू जोरात आवळला की मनगट आखडतं आणि टोक खाली झुकतं. पकड सैलच ठेवायची, वेग थोडा कमी, पाऊल आणखी आखूड. आक्रमण करणारा संघ आपले चेंडू वापरतो, त्यामुळे सरावातलेच मुरलेले चेंडू सामन्याला न्यायचे. कोरे चामडे पावसात साबणासारखे होतात.

६ ऑगस्ट

शिबिर. हेल्मेटमधला रेडिओ: २०२४ पासून वरच्या विभागात मैदानावरच्या एका खेळाडूला कोचचं बोलणं ऐकू येतं, हेल्मेटवर हिरवा ठिपका. प्ले क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायला मिळणाऱ्या वेळेच्या उलट्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की आवाज बंद.

सोय मोठी, तशी खोडही लागते. कोच हाकेबरोबर ‘सेफ्टी बघ, फ्लॅट मोकळा असेल’ असंही सांगतात. मुलगा तेच धरून बसतो, आणि आवाज बंद झाल्यावर बचाव फिरला की तो अडकतो. म्हणून सरावात आवाज २० वर तोडायचा आणि बचावाने १० वर जागा बदलायच्या. पहिल्या दिवशी गोंधळ झाला. मुलगा चिडला, तरी हे मोसमभर ठेवायचं.

हाक लांब असल्यामुळे हडलमधून (हाक ऐकायला जमलेल्या घोळक्यातून) निघायला उशीर होतो. मनगटपट्टीवर सगळ्यांत लांब १२ हाका आकड्यांनी घातल्या. लाल पानांवरचे शब्द मात्र पट्टीवर घ्यायचे नाहीत, ते तोंडीच यायला हवेत.

२७ ऑगस्ट

पहिल्या सामन्याच्या सुरुवातीच्या १५ प्लेंची यादी आली. हॅशप्रमाणे तपासली. दोन आउट लांबच्या बाजूला पडत होते. एक जवळच्या बाजूला फिरवला, दुसरा पळत्या ड्रॉपवर नेला. डावीकडे फेकायचे प्ले पहिल्या सहांत ठेवू नका अशी विनंती केली. कोऑर्डिनेटरनी चारपैकी तीन मागे नेले. चौथा ठेवला, कारण तिथे त्यांना सेफ्टीची पहिली हालचाल बघायची आहे. कारण पटलं.

आज संध्याकाळी हलकं फेकणं, २५. टॉवेल फक्त डावीकडच्या ८ फेकींना. सामन्यात एंड झोनमागच्या कॅमेऱ्याला सांगून ठेवलं आहे: पुढचा पाय चौकटीत राहू दे.